पूजक, पूज्य आणि उरलेला एक चिंचोका

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात आणि पहिले दोन आठवडे मागच्या वर्षीचे गणित आठवण्यातच जातात. त्याच उजळणीविषयी आलेल्या चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा): सहावीतील मुले विभाजक आणि विभाज्य यांची सतत अदलाबदल करतात. मसावि (महत्तम साधारण विभाजक) विचारला की मोठी संख्या लिहितात, लसावि (लघुतम साधारण विभाज्य) विचारला की लहान. व्याख्या सर्वांच्या पाठ आहेत. मग चुकते कुठे?

उत्तर: मॅडम, व्याख्या पाठ आहेत, पण शब्द ओळखीचे झालेले नाहीत. ‘पूजक’ आणि ‘पूज्य’ ही जोडी फळ्यावर लिहा. पूजा करतो तो पूजक, ज्याची पूजा होते ते पूज्य. तसेच भाग पाडतो तो विभाजक आणि ज्याला पूर्ण भाग जातो ते विभाज्य. त्यानंतर प्रत्येक उदाहरणात दोन्ही वाक्ये म्हणवून घ्या : ‘६ हा २४ चा विभाजक आहे’ आणि ‘२४ ही ६ ची विभाज्य संख्या आहे.’ एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी बोलायची सवय लागली की अदलाबदल बरीच कमी होते.

मसावि-लसाविचा घोटाळा मात्र मला मुलांचा कमी आणि नावांचा जास्त वाटतो. ‘महत्तम’ हा शब्द कानावर पडला की मूल मोठी संख्या शोधू लागते आणि ‘लघुतम’ ऐकले की लहान, कारण त्यामागून येणारे ‘विभाजक’ आणि ‘विभाज्य’ हे शब्द त्याने ऐकलेलेच नसतात. म्हणून उदाहरण सोडवण्याआधी दोन मर्यादा ठरवून द्या. मसावि दिलेल्या संख्यांपैकी लहान संख्येपेक्षा मोठा असू शकत नाही आणि लसावि मोठ्या संख्येपेक्षा लहान असू शकत नाही. ४ आणि ६ यांचा लसावि २ लिहिणाऱ्या मुलाला आपले उत्तर स्वतःच खोडता आले पाहिजे.

उदाहरणे शेतातलीच घ्यावीत. ४२ हात आणि ३० हात लांबीचे दोन दोर आहेत. काहीही न उरता दोन्हींचे सारख्या लांबीचे, शक्य तेवढे लांब तुकडे करायचे आहेत. येथे तोडणे आहे, म्हणजे मसावि : ६ हात. याउलट, भाजीला दर ४ दिवसांनी आणि संत्र्याला दर ६ दिवसांनी पाणी द्यायचे असून आज दोन्हींना दिले, तर पुन्हा दोन्ही पाळ्या एकाच दिवशी कधी येतील? येथे काळ पुढे सरकतो आहे, म्हणजे लसावि. पुष्कळ मुले ४ × ६ करून २४ सांगतात. त्यांना कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा करायला लावा, म्हणजे १२ व्या दिवशी दोन्ही रंग एका चौकटीत आलेले त्यांचे त्यांनाच दिसतील. ४ आणि ६ यांचा मसावि २ आहे, म्हणून गुणाकाराला २ ने भागावे लागते, हे त्यानंतर सांगितले तर पटते. आधी सांगितले तर ते आणखी एक सूत्र होऊन बसते.

प्रश्न (सातवीतील विद्यार्थिनी, वाशीम जिल्हा): एखाद्या संख्येचे सगळे विभाजक सापडले, हे कसे ओळखायचे? आणि ९१ मूळ संख्या का नाही?

उत्तर: विभाजक एकेकटा शोधू नकोस, जोडीने शोध. ७२ साठी १ × ७२, २ × ३६, ३ × २४, ४ × १८, ६ × १२, ८ × ९ अशा जोड्या मिळतात. ८ नंतर ९ घ्यायला जाशील तर तो आधीच्या जोडीत आलेला आहे, तिथे थांबायचे. एकूण १२ विभाजक झाले. ३६ मध्ये शेवटची जोडी ६ × ६ असल्यामुळे ६ एकदाच मोजायचा आणि म्हणून तिथे विभाजक ९, म्हणजे विषम, येतात.

मूळ संख्या म्हणजे काय, हे मला एका शाळेच्या ओसरीवर चौथीतल्या मुलीने फार नेमके दाखवले होते. तिला १३ चिंचोके सारख्या ओळींत मांडायला सांगितले होते. तिने दोन-दोन, तीन-तीन, चार-चार असे मांडून पाहिले आणि शेवटी वैतागून म्हणाली, “एक तं उरतेच!” पाच-पाचाच्या ओळी केल्या असत्या तर तीन उरले असते, पण मुद्दा तिला कळला होता : १३ ची एकच लांब ओळ होते. ९१ चिंचोक्यांच्या मात्र १३-१३ च्या ७ ओळी होतात. १०० च्या आतील संख्येला २, ३, ५ आणि ७ यांनीच भाग देऊन पाहणे पुरते, कारण पुढची मूळ संख्या ११ असून ११ × ११ हे १२१ होतात. त्यातही २, ३, ५ च्या कसोट्यांना (भागाकार न करता भाग जातो का हे ओळखण्याच्या नियमांना) चकवून जाणाऱ्या संयुक्त संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज आणखी विभाजक असलेल्या संख्या, तीनच आहेत : ४९, ७७ आणि ९१. तेवढ्या लक्षात ठेव. १ ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

प्रश्न (पालक, वरुड तालुका): मुलगा सातवीत गेला, पण पाढे येत नाहीत. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. घरी काय करून घ्यावे? आमच्या वडिलांना पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) सुद्धा पाठ होती.

उत्तर: दादा, पावकी-निमकी सध्या बाजूला ठेवा. १, २, ५ आणि १० चे पाढे बहुतेक मुलांना येतात. उरलेल्या ३, ४, ६, ७, ८, ९ यांचे आपसांतले गुणाकार, ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले तर, फक्त २१ होतात. ते २१ चिठ्ठ्यांवर लिहा. जे येतात ते वेगळे काढा, म्हणजे खरी अडचण सहा-सात चिठ्ठ्यांचीच निघेल आणि त्यांत ६ × ७, ७ × ८, ८ × ९ हे बहुधा असतीलच. रोज दोन चिठ्ठ्या पुरे. मात्र उलटाही विचारा : ‘५६ मध्ये ८ किती वेळा?’ विभाजकांसाठी उपयोगी पडतो तो हाच उलटा पाढा.

मुलाची चूक गुणाकारात आहे की संख्येच्या नावात, हेही पाहा. ‘सात सत्ते एकोणपन्नास’ बरोबर म्हणून ५९ लिहिणारी मुले पुष्कळ असतात. ‘एकोण’ म्हणजे एकाने कमी, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ सारखी वाचनपद्धत दिली तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. तो वाद काहीही असो, अडचण खरी आहे.

प्रश्न (शिक्षक, दोनशिक्षकी शाळा, गडचिरोली जिल्हा): ३ ची कसोटी (अंकांच्या बेरजेला भाग गेला तर संख्येलाही जातो) मुले ४ आणि ७ लाही लावतात. काय करावे?

उत्तर: कसोटीचे कारण दाखवावे. १०० चिंचोके नऊ-नऊच्या ढिगांत वाटले की १ उरतो, १० वाटले तरी १ उरतो. म्हणून ४७१ मध्ये शतकांतून ४, दशकांतून ७ आणि सुटा १ मिळून १२ उरतात. नऊच्या ढिगांना ३ ने भाग जातोच आणि उरलेल्या १२ लाही जातो, म्हणून ४७१ लाही जातो. ४ ने १०० ला पूर्ण भाग जात असल्यामुळे तिथे फक्त शेवटचे दोन अंक पाहायचे. ६ साठी २ आणि ३ या दोन्ही कसोट्या चालतात, परंतु ८ साठी २ आणि ४ चालत नाहीत; १२ घेऊन मुलांनाच पाहू द्या. ७ साठी या वयात सरळ भागाकारच करून घ्यावा, तेवढाच भागाकाराचाही सराव होतो.