पार्किंगमधले धपाटे

ए ठमे,

परवा रात्री झोपताना तू विचारलंस आणि मी "झोप आता, उद्या शाळा आहे" म्हणून कटवलं. शाळा नव्हतीच, थँक्सगिव्हिंगचा सोमवार होता, आणि ते तुला माझ्याआधी माहीत होतं. खरं सांगू का, मला पटकन उत्तरच सुचलं नाही. आता तू झोपलीयेस, आई कॉलवर आहे (रात्री साडेनऊला, तिची टीम बंगळुरूत), म्हणून लिहून ठेवतो. मराठी वाचायला तुला अजून वेळ लागतो तर आई वाचून दाखवेल, आणि मधेमधे "असं काही नाही हं" म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे.

तुझा प्रश्न होता, "बाबा, आपणच का नेहमी घरून डबा नेतो? सगळे तिथेच डोनट घेतात. मराठी लोकांना असं करावंच लागतं का?"

ते "करावंच लागतं का" मला जरा लागलं बघ.

रविवारी झालं काय, आपण सफरचंदं तोडायला गेलो, बागेच्या गेटवर बोर्ड, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. आणि माझ्या पिशवीत सोळा धपाटे, दह्याचा डबा, शेंगा चटणी आणि केळी. मी बोर्ड वाचला आणि डबा जॅकेटखाली घातला, मग परत गाडीत नेऊन ठेवला, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गवताच्या गठ्ठ्यांवर बसून आत गेलो, तू दहा किलोच्या पिशवीत भोपळा कोंबायचा प्रयत्न केलास, मक्याच्या भुलभुलैयात आई हरवली (ती म्हणते मीच हरवलो), आणि दोन वाजता सगळ्यांना भूक लागली तेव्हा आपण पार्किंगमध्ये गाडीची दारं लावून, काचा वर करून, धपाटे खाल्ले. काचांवर वाफ धरली होती. आणि नेमकी शेजारच्या गाडीत तुझ्या वर्गातली ती कुरळ्या केसांची मैत्रीण. तिने हात केला आणि तू सीटखाली वाकलीस, बूट शोधायला. बूट तुझ्या पायातच होता.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं की पोरीला लाज वाटायला लागली आपल्या खाण्याची. आई म्हणाली, काचा कोणी वर केल्या?

तर मुद्द्यावर येतो. नाही, करावंच लागतं असं काही नाही. पण मी सोलापूरचा आहे, आणि तिथे "फिरायला जाणं" म्हणजे काय हे तुला कधी नीट सांगितलंच नाही मी. इथे कॅनडात आपण झाडं बघायला जातो. ऑक्टोबरमध्ये मेपल लाल होतात, हिरवा रंग मागे हटतो आणि आतला पिवळा दिसायला लागतो, लाल रंग तर झाड त्या वेळी नव्याने तयार करतं. हे बघायला लोक दोन दोन तास गाडी चालवतात आणि मलाही आवडतं, नाही कशाला म्हणू. सोलापुरात ऑक्टोबर म्हणजे पाऊस परत गेलेला आणि ऊन डोक्यावर, ऑक्टोबर हीट. पानं तेव्हा गळत नाहीत. कडुनिंब गळतो तो फेब्रुवारी-मार्चकडे, आणि तू गाडीत विचारलं होतंस ना की आजीकडे लाल पानं असतात का, तर असतात की, पण उलटी. पिंपळाचं पान नवं फुटतं तेव्हा तांबूस गुलाबी असतं, मग हिरवं होतं. तुमच्याकडची पानं म्हातारपणी लाल होतात, आमची जन्मताना.

म्हणजे झाडं बघायला कोण जाणार त्या उन्हात? आम्ही कुणाकडे तरी जायचो, नाहीतर कुठेतरी जेवायला जायचो. जागा बदलायची, जेवण घरचंच.

आता डबा का, त्याचं पहिलं उत्तर अगदी सरळ आहे. पैसे नव्हते. तुझे आजोबा आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर टॉवेलच्या कारखान्यात लागले, आणि चार माणसांनी हॉटेलात बसायचं म्हणजे आधी आठवडाभर चर्चा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि रविवारी डोनटच्या टपरीवरचा भाव बघून मी जे तोंड केलं त्यात आजोबा होतेच, आई साक्षीला आहे.

दुसरं उत्तर म्हणजे तो कोरडा मुलूख. पाऊस कमी, गावं लांब लांब, वाटेत काही मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून तिकडच्या बायकांनी टिकणारं खाणं शोधून काढलं. दशमी बघ, पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात म्हणून दोन दिवस मऊ राहते. कडक भाकरी, ती तुला पापडासारखी वाटते ना, ती ज्वारीची भाकरीच असते, पातळ थापून भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून पार वाळू द्यायची, की मग कित्येक दिवस काही होत नाही तिला. आपल्या सुटकेसमधून सात समुद्र पार आली आणि मोडली ती पण एअरपोर्टवाल्यांनी सुटकेस आपटली म्हणून. आणि शेंगा चटणी. बाकीचा महाराष्ट्र शेंगदाणा म्हणतो, आम्ही शेंगा. भाजलेल्या शेंगा, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, हे उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरला ती होत नाही, तुझी आई होते म्हणते, मी गप्प बसतो.

आणि ज्वारी म्हणजे मालदांडी, तीही मंगळवेढ्याची असेल तर आजीच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज येतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय टॅग, म्हणजे ती त्याच भागाची खास असा सरकारी शिक्का, आहे म्हटलं तर तिला त्याचं काही नाही, ती म्हणते ते सरकारला आत्ता कळलं होय.

दसऱ्यानंतरच्या सुट्टीत आम्ही एकदा नळदुर्गला गेलो होतो. एसटीने, तिला सगळे लाल डबा म्हणायचे, म्हणजे लाल डब्यात बसून डबा मांडीवर. पाऊस चांगला झालेलं वर्ष असलं की बोरी नदीचं पाणी किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून खाली पडतं, दोन धारा, नर आणि मादी म्हणतात त्यांना, आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आत खिडकीशी उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा. मला त्यातलं पाणी आठवतं पण त्याहून जास्त आठवतं ते म्हणजे आजीने सावलीत चादर अंथरली (सोलापुरीच, अजून काय), डबा उघडला, आणि शेजारी बसलेल्या कुटुंबाने त्यांचा उघडला. ते घरात तेलुगू बोलणारे, आपल्याकडे पूर्व भागात विणकरांची खूप घरं तेलुगू आहेत. पाच मिनिटांत त्यांचं वांगं आमच्या ताटात आणि आमची चटणी त्यांच्याकडे. आजीला तेलुगूचे चार शब्द येत होते, त्या बाईंना मराठी फाडफाड. कोण कुठले, पुन्हा कधी भेटले नाहीत. पण त्या वांग्यात तीळ होते हे आजी अजून सांगते.

नान्नजला पण गेलो होतो माळढोक पक्षी बघायला. तिथलं अभयारण्य १९७९ सालचं, सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. माळढोक काही दिसला नाही, लांबवर काळवीट दिसले, आणि काकाने धपाटे संपवले. एवढीच गोष्ट आहे ती.

डब्यात नेहमी दोन भाकऱ्या जास्त असायच्या. मी एकदा विचारलं होतं की आपण चार, भाकऱ्या दहा कशाला, तर आजी म्हणाली, "माणसं मोजून भाकरी करू नये रं. येणारं-जाणारं असतंय की." मला तेव्हा वाटायचं ती हिशोबात कच्ची आहे.

आता गंमत ऐक. वर्षात एक दिवस असा असायचा की आम्ही लोकांना चालत जाताना बघायचो आणि त्यांच्याकडे डबाच नसायचा. कोजागिरी. मागच्या आठवड्यात आपण बाल्कनीत चंद्राखाली मसाला दूध ठेवलं आणि तू सारखी विचारत होतीस की चंद्र पडला का दुधात, तीच. तर त्या पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला लोक पायी जातात. ४५ किलोमीटर आहे! रात्रभर चालतात, बरेच जण अनवाणी, कर्नाटकातूनही येतात, त्या रस्त्यावरच्या गाड्या दुसरीकडून वळवतात आणि अख्खा रस्ता माणसांचा. "आई राजा उदो उदो" असा आवाज येत राहतो लांबून. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर झोपते, नऊ दिवसांच्या लढाईने दमलेली असते ना, त्याला श्रमनिद्रा म्हणतात, आणि पौर्णिमेला उठते. (तू विचारणारच, म्हणून सांगतो, अस्वलासारखी थंडीभर नाही, पाचच दिवस.) तिच्या दर्शनाला हे सगळे निघालेले.

या माणसांनी जेवण बांधून न्यायची गरज नाही, कारण सगळा रस्ता त्यांना खायला घालतो. कोणी चहा, कोणी केळी, कोणी साबुदाण्याची खिचडी, कोणी पायाला तेल चोळून देतं. आमची गल्ली तुळजापूर नाक्याकडे टेबल लावायची आणि माझं काम केळी हातात द्यायचं. दहा वर्षांचा होतो. एका म्हाताऱ्या आजींनी केळं घेतलं, निम्मं मोडून मलाच परत दिलं आणि पुढे गेल्या. रात्री एक वाजता मी तिथे ते अर्धं केळं खाल्लं. का दिलं काय माहीत, माझ्या तोंडाकडे बघून वाटलं असेल पोरगं उपाशी आहे.

आणि डिसेंबरकडे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. ती सगळ्या महाराष्ट्रात नाही बरं का, लातूर, धाराशिव, आपल्या सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे कर्नाटक. तुझ्या आईने लग्नाआधी नावही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सगळे शेतात. अक्कलकोटकडे माझ्या मामाचं शेत होतं, ज्वारी कमरेएवढी, कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजा, आणि मग भज्जी. भजी नाही, भज्जी. तूर, हरभरा, वाटाणा, ज्या काही ओल्या शेंगा आणि भाज्या असतील त्या सगळ्या बेसन लावून एकत्र शिजवलेल्या, सोबत बाजरीचे उंडे आणि माठातली आंबिल, ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेली. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो. आमचं स्वतःचं एक गुंठा शेत नाही पण मी एकही वेळ अमावास्या घरात जेवलेलो नाही. मामा तर रस्त्याने जाणाऱ्या मोटरसायकलवाल्याला हात करून थांबवायचा, "कुठं चाल्लाव, जेवून जावा की." अनोळखी माणूस. तो पण थांबायचा!

हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं की रविवारी माझं चुकलं कुठे. डबा नेला त्यात काही चूक नव्हती. बोर्ड होता, बरोबर आहे त्यांचं, त्यांचा धंदा आहे, आत नेला नाही तेही ठीक. पण पार्किंगमध्ये काचा वर करून, खाली बघून भराभरा खाल्लं, शेजारच्या गाडीत ओळखीचं पोर बसलेलं असताना विचारलंसुद्धा नाही, हे मात्र आमच्या घरी कोणी केलं नसतं. आजीला कळलं तर ती फोनवर दोन दिवस बोलायची नाही. तू सीटखाली वाकलीस ते माझं बघून वाकलीस. डबा चोरून आणल्यासारखा मीच धरला होता.

(सफरचंदं बाकी भारी आहेत हां. ती लाल-हिरवी मॅकिन्टॉश आहेत ना, ती जात इथलीच, ओंटारियोतली, १८११ मध्ये जॉन मॅकिन्टॉश नावाच्या शेतकऱ्याला जमीन साफ करताना रोपं सापडली. आजोबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाले, आंबट आहेत का? चटणी होईल.)

तर आता असं करूया. येत्या रविवारी तळ्याकाठच्या त्या पार्कात जाऊ, जिथे लाकडी टेबलं आहेत आणि बोर्ड फक्त बदकांना ब्रेड घालू नका एवढाच आहे. तुझ्या मैत्रिणीला आणि तिच्या घरच्यांना बोलव, मी तिच्या आईला मेसेज करतो. फक्त एक गोष्ट तू शाळेत तिला विचारून ये, तिला किंवा तिच्या भावाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. हे हसण्यावारी नेऊ नकोस, तुमच्या शाळेत पीनट बटर का चालत नाही ते तुला माहीत आहे. असेल तर चटणी घरीच ठेवू, धपाट्याचा तवा पण आधी घासून घेऊ, आणि नुसतं दही आणि लोणी नेऊ. सोलापूरचा माणूस शेंगाशिवाय पाहुण्यांना जेवायला बोलावतोय हे आजीला सांगू नकोस.

धपाट्याचं पीठ मळायला तू ये. मागच्या वेळी तू थापलेला एक कॅनडाच्या नकाशासारखा झाला होता, तो मीच खाल्ला, चांगला होता. चादर घेतो, टेबल असलं तरी चादर घेतो. ते धपाट्याला काय म्हणतात विचारलं तर पॅनकेक सांगू नकोस, धपाटे सांग, दोनदा म्हणायला लाव, येतंय त्यांना.

आणि जाताना डोनट घेऊ. सहा. दालचिनीचे.

तुझा,
बाबा

ता.क. आईचा कॉल संपला, तिने वाचलं. ती म्हणते भुलभुलैयात हरवलेला बाबाच होता आणि सहा नाही, डझन घ्या.