सहा हजार वर्षं भरली का, बाई?

प्रश्न (एक भगिनी, विक्रोळी) : बाई, सलाम. आमच्या गल्लीतल्या प्रार्थनागटात एका पाहुण्या उपदेशकांनी सगळ्यांना एक तक्ता वाटला. त्याची झेरॉक्स सोबत पाठवते. त्यात सात चौकोन आहेत, एकेक हजार वर्षांचा. सहा काळे केलेत, सातवा कोरा ठेवून त्यात फक्त ‘राज्य’ लिहिलंय. ते म्हणाले, सहा हजार वर्षं भरली, आता प्रभूच्या पुनरागमनाला महिन्यांचाच प्रश्न आहे. तेव्हापासून माझे मिस्टर मुलाच्या बारावीच्या क्लासचा दुसरा हप्ता भरायला तयार नाहीत. “कशाला?” एवढंच म्हणतात. हे सहा हजार आले कुठून? पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहेत का?

उत्तर : सलाम. तक्ता मिळाला. लाल पेन घेऊन तपासला, सवय जात नाही. बेरजा सगळ्या बरोबर आहेत. पण महापालिकेच्या शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं, आणि मागच्या पानावरचं उत्तर बघून रीत उलटी लिहिणारी मुलं मला वहीवरून ओळखू येतात. त्यांच्याही बेरजा बरोबरच असतात.

‘जग सहा हजार वर्षं चालेल’ असं वचन शास्त्रात कुठेही नाही. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, सातव्या दिवशी विसावा घेतला. त्याला जोडलं पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं वचन (३:८) : प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. झाले सहा हजार आणि वर हजार वर्षांचा शब्बाथ. ही जोडणी फार जुनी आहे, ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पहिल्या दोनएकशे वर्षांतली. पण ते वचन पुढे वाचा. ‘आणि हजार वर्षं एका दिवसासारखी’ हेही त्याच ओळीत आहे. प्रभू उशीर करत नाही, धीर धरतो, हे पेत्राला सांगायचंय. अर्धी ओळ घेऊन तिचा पाढा करायचा हे मला पटत नाही.

आता मोजायचंच तर पहिला आकडा हवा. तुमच्या तक्त्यात इ.स.पू. ४००४ आहे. हा आयर्लंडच्या आर्मा शहराचे आर्चबिशप जेम्स अशर यांचा, १६५० सालचा. या माणसाची थट्टा करू नये, फार मोठा विद्वान. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पाचव्या आणि अकराव्या अध्यायांत, अमक्याला मुलगा झाला तेव्हा बापाचं वय किती ते दिलंय. ती वयं त्यांनी ओळीने मिळवली, पुढे यहूदाच्या राजांच्या कारकिर्दी लावल्या, आणि बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या मृत्यूपाशी येऊन ही सगळी साखळी इतर राष्ट्रांच्या इतिहासाला अडकवली. तो मृत्यू इ.स.पू. ५६२ चा. तिथून मागे मोजत ते पोचले ४००४ च्या २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी. १७०१ पासून हे आकडे इंग्लिश बायबलच्या समासात छापायला लागले, आणि समासातली गोष्ट लोकांना वचनासारखी वाटायला लागली. आमच्या आजोबांच्या इंग्लिश बायबलात पहिल्याच पानावर बारीक ४००४ होतं. लहानपणी मला तो छापखान्याचा नंबर वाटायचा.

पण बापाची वयंच सगळ्या प्रतींत सारखी नाहीत. शेथ जन्मला तेव्हा आदाम हिब्रू प्रतीत १३० वर्षांचा आहे, तर जुन्या ग्रीक भाषांतरात २३० चा. असं बऱ्याच नावांना शंभर-शंभर जास्त. त्यामुळे आदामापासून जलप्रलयापर्यंत हिब्रूत १६५६ वर्षं होतात आणि ग्रीकमध्ये दोन हजारांच्या वर जातात. ग्रीक प्रत मानणाऱ्या पूर्वेकडच्या मंडळींनी सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ५५०९ धरला. त्या हिशेबाने सहा हजार वर्षं पाचव्या शतकातच संपली. मग तिकडे सात हजारांवर नजर गेली, म्हणजे इ.स. १४९२. रशियातल्या मंडळीने पुनरुत्थान सणाच्या (ईस्टरच्या) तारखांचे तक्ते त्या सालापर्यंतच करून ठेवले होते. साल उजाडलं, गेलं, आणि पुढचे तक्ते करायला बसावं लागलं. (मला त्या तक्ते करणाऱ्याची फार दया येते.) यहुदी लोक इ.स.पू. ३७६१ पासून मोजतात, त्यांची सहा हजार २२४० मध्ये भरतील.

आणि अशरचे सहा हजार? ते १९९७ च्या ऑक्टोबरातच भरले. २३ तारखेला गुरुवार होता, दिवाळी आठवड्यावर आलेली, मी सहामाहीचे पेपर तपासत होते. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘पंचांगातील चूक’ म्हणून काही वर्षं मिळवलीत, ती याचसाठी. कुठल्या पंचांगातली कुठली चूक, ते मात्र लिहिलेलं नाही. परीक्षेत असं कुणी केलं असतं तर मी रीतीचे गुण कापले असते.

एक खरी चूकही सांगते, कारण ती अजून होते. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, वृत्तीने प्रामाणिक. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकात ८:१४ मध्ये २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ आहेत. एका दिवसाचं एक वर्ष धरून त्याने ती इ.स.पू. ४५७ पासून मोजली, पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या हुकुमापासून. २३०० वजा ४५७, उत्तर १८४३. लोक वाट बघत बसले. मग ध्यानात आलं की हातचा एक राहिला. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तळघराचं बटण आहे, मग तळमजल्याचं, मग पहिल्या मजल्याचं. इसवी सनाला तळमजलाच नाही. इ.स.पू. १ संपलं की एकदम इ.स. १. म्हणून १८४३ चं १८४४ झालं, आणि पुढे तारीखही ठरली, २२ ऑक्टोबर. काहींनी पीक शेतातच उभं ठेवलं होतं. २३ तारखेला सकाळी सूर्य उगवला. त्या चळवळीतूनच पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. अलीकडचं म्हणाल तर २०११ सालचे हॅरल्ड कॅम्पिंग, अमेरिकेतले रेडिओवरचे उपदेशक. त्यांनी जलप्रलय इ.स.पू. ४९९० ला धरला, हातचा एक नीट घेतला, सात हजार मिळवून २१ मे २०११ काढली. हिशेबात काही खोट नव्हती. मग ती तारीख २१ ऑक्टोबर झाली.

भगिनी, हे मी तिऱ्हाईतासारखं लिहीत नाही. मी अकरावीला होते तेव्हा आमच्या नागपाड्याच्या चाळीत असाच एक उपदेशक यायचा, त्याच्याकडे कापडावर रंगवलेला तक्ता होता. माझे काका गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. त्यांनी राजीनामा दिला, फंडाचे पैसे काढले, निम्मे वाटून टाकले. काकूची शिवणाची मशीनही गेली. ठरलेला महिना आला आणि गेला. उपदेशक पुन्हा दिसला नाही. पुढची दोन वर्षं काका, जिथे जॉबर होते त्याच गिरणीच्या फाटकाशी, सकाळी बदली कामगारांच्या रांगेत उभे राहायचे. काका उपासनेला यायचे, पण शेवटच्या बाकावर बसायचे. त्यांच्यापाशी कुणी पुनरागमनाचं नाव काढत नसे. त्या तक्त्याने फंडापेक्षा ही आशा जास्त खाल्ली, असं मला वाटतं.

प्रभू पुन्हा येणार हे मी मानते, दर रविवारी मोठ्याने म्हणते. पण मार्क १३:३२ मध्ये तो स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, पित्यालाच ठाऊक आहे. पुत्राला नाही, आणि विक्रोळीत झेरॉक्स वाटणाऱ्याला आहे? हप्ता भरा. मिस्टरांना हे पान वाचून दाखवा, आणि ते चिडलेच तर त्या पाहुण्यांनी आपल्या मुलांची फी भरली आहे का, एवढं विचारून यायला सांगा.

प्रश्न (एक तरुण, कुर्ला) : आधार कार्ड आणि बोटांचे ठसे म्हणजे प्रकटीकरणातली श्वापदाची खूण, ६६६, असं आमच्या ग्रुपवर फिरतंय. काय करावं?

उत्तर : ग्रुप म्यूट करावा. आधी बारकोड होता, मग लस होती, आता आधार.

६६६ चं सांगते. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक, त्यात श्वापदाच्या नावाचा आकडा म्हणून ६६६ दिलाय. आपल्याकडे पोथीच्या शेवटी शक सांगताना बाण म्हणजे ५, वेद म्हणजे ४ असं लिहीत, तसं हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. ‘नेरोन केसर’ लिहा : ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २००. मिळवा, ६६६ येतात. मंडळीला छळणारा रोमचा बादशहा नीरो. आणि गंमत बघा, काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ च्या जागी ६१६ आहे. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं की शेवटचा न जातो, त्याचे ५० जातात. बरेच अभ्यासक म्हणून नीरोचंच नाव घेतात, मलाही ते पटतं. तुमच्या आधारचे आकडे बारा आहेत, हेही लक्षात घ्या.

प्रश्न (एक वाचक, गिरगाव) : मी ख्रिस्ती नाही, शेजाऱ्यांकडे तुमचं मासिक वाचतो. सगळेच ख्रिस्ती लोक असं मोजत बसतात का?

उत्तर : नाही हो. बहुतेकांनी कधीच मोजलं नाही. तुमच्या ओळखीचे वसईचे कॅथलिक असतील तर त्यांच्या आणि आमच्याही मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, एवढंच आहे की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल. वर्षाचा उल्लेख नाही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांचं राज्य आहे, भांडण होतं ते त्यावर. कुणी म्हणतं ख्रिस्त आधी येईल, मग हजार वर्षं. कुणी म्हणतं आधी हजार वर्षं सुवार्तेने जग सुधारेल, मग तो येईल. संत ऑगस्टीन म्हणाले की ती हजार वर्षं म्हणजे चालू असलेला मंडळीचाच काळ. विश्वासणारे अचानक ढगांत उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, हे सिनेमांतून प्रसिद्ध झालेलं मत मात्र १८३० च्या सुमाराला जॉन नेल्सन डार्बी यांनी रुजवलं, तेव्हा तसं नवंच.

२००५ च्या २६ जुलैला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री, मी चाळीस मुलांबरोबर शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर अडकले होते. एक मुलगी म्हणाली, बाई, जलप्रलयातल्या नोहासारखं झालं का? तिला म्हटलं, नोहाकडे बिस्किटांचे पुडे नव्हते. तुमच्या कलियुगाची तर ४,३२,००० वर्षं आहेत आणि त्यातली पाच हजारच सरलीत. तुमचं बरं आहे.

प्रश्न (शब्बाथशाळेच्या एक शिक्षिका, मालाड) : वर्गातल्या एका मुलाने विचारलं, मथुशलह ९६९ वर्षं जगला, मग तो पुरात बुडाला का? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : मुलगा हुशार आहे, त्याला जपा. उत्पत्तीचा पाचवा अध्याय काढा. मथुशलह १८७ वर्षांचा असताना लामेख झाला. लामेख १८२ चा असताना नोहा. नोहा ६०० चा असताना पूर आला. १८७ अधिक १८२ अधिक ६००, झाले ९६९. म्हणजे ज्या वर्षी पूर, त्याच वर्षी मथुशलह गेला. बुडाला की अंथरुणात गेला ते शास्त्र सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत मात्र पहिले दोन आकडे १६७ आणि १८८ आहेत. मग पुराच्या वेळी तो ९५५ चा होतो आणि नंतरही १४ वर्षं जगतो. नोहाच्या तारवात (जहाजात) तर आठच माणसं होती, त्यांत तो नाही. मग १४ वर्षं राहिला कुठे? सोळाशे वर्षांपूर्वी लोक ऑगस्टीनना हेच विचारत होते. त्यांनी सांगितलं, नकलकाराची चूक असेल, मूळ हिब्रू धरा.

पुढच्या रविवारी मुलाला फळ्यापाशी बोलवून बेरीज त्याच्याकडूनच मांडून घ्या. मग तो विचारेल, लामेखाचं काय. तो एकंदर ७७७ वर्षं जगला एवढंच सांगा आणि खडू त्याच्या हातात राहू द्या.