आभाळ आलं म्हणून हिरवा कांदा उपटू नका

कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातून या आठवड्यात आलेले प्रश्न बहुतेक वळवाचेच आहेत. कांदा, डाळिंब, थोडी द्राक्षं, थोडा गहू. एकेक घेतो. कांद्याला आणि डाळिंबाला जास्त जागा देतोय, कारण दर वर्षी सगळ्यात जास्त पैसा तिथेच पाण्यात जातो, आणि त्यातला बराचसा पावसामुळे जात नाही.

"नारंगी इशारा होता, आमच्याकडे थेंब पडला नाही. अंदाजावर विश्वास कसा ठेवायचा?" (देवळा)

अंदाज पूर्ण वाचून. हवामान विभाग जेव्हा "तुरळक ठिकाणी" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, जिल्ह्यातल्या चारातल्या एका ठिकाणी किंवा त्याहून कमी ठिकाणी. म्हणजे तुमच्या शिवारात न पडता शेजारच्या गावात गारांचा खच पडला तरी अंदाज बरोबरच. वळवाचा ढग पाच-सात किलोमीटरचा पट्टा झोडपतो आणि निघून जातो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडून कृती करा. रंगासोबत वाऱ्याचा वेगही वाचा. ताशी ४० ते ५० किलोमीटर लिहिलं असेल तर मालावर प्लास्टिकचा कागद नुसता टाकून चालत नाही, त्याला दगड बांधावे लागतात.

हे ढग होतात कसे ते एकदा समजून घ्या, म्हणजे वेळ चुकणार नाही. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, खालून समुद्राकडचं बाष्प येतं, विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा पडलेला असतो आणि वर उत्तरेकडची थंड हवा घुसते. मग ढग उभा चढतो, बहुतेक वेळा दुपारी तीननंतर. मार्चमध्ये वरची हवा अजून थंड असते, गार जमिनीवर येईपर्यंत वितळत नाही. म्हणून मे महिन्यातल्या वळवापेक्षा मार्चची गार जास्त मारते. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली होती, ती ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा शेतातली कामं सकाळी. मोकळ्यावरचा माल दुपारी बारापर्यंत झाकलेला. चार वाजता आभाळ बघून धावपळ करणं याला तयारी म्हणत नाहीत.

"पाऊस सांगितलाय, कांदा अजून पंधरा दिवसांचा आहे. काढून घ्यावा का?" (सटाणा, कळवण, मालेगाव, असे बरेच)

नाही. निम्म्याहून जास्त माना पडल्या नसतील, म्हणजे पात मानेशी वाकून आडवी झाली नसेल, तर कांदा जमिनीतच राहू द्या. हिरव्या मानेचा कांदा उपटून चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की तो जूनमध्ये सडतो, आणि मग "या वर्षी वाण खराब निघालं" असं म्हणायला आपण मोकळे. वाण खराब नसतं, काढणी खराब असते. उभ्या कांद्याला एक वळीव सोसतो, उपटून उघड्यावर पडलेल्या कांद्याला सोसत नाही.

माना पडल्या असतील तर काढा, पण संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढाच. मजूर आलेत म्हणून दोन एकर उपटून ठेवायचा आणि घरात कागद अर्ध्या एकराचा, हे मी इतक्या शेतांत पाहिलंय की आता बांधावरूनच कळतं.

काढल्यावर लगेच पात कापू नका. पातीसकट ओळीत असा पसरा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. तीन दिवस असा सुकला की मग मान एक ते दीड इंच ठेवून पात कापा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोड, चिंगळी (अगदी बारीक कांदे) वेगळी काढा आणि दहा-बारा दिवस सावलीत पातळ थरात ठेवा. त्यानंतर चाळ. चाळीत थर चार-पाच फुटांच्या वर नको. कागद टाकाल तेव्हा ढिगाच्या बाजू मोकळ्या ठेवा आणि पाऊस गेला की तासाभरात कागद काढा. कागदाखाली घाम सुटलेला कांदा पावसात भिजलेल्या कांद्याइतकाच वाया जातो. मला विचाराल तर कांद्यावर कुठलंही औषध मारण्यापेक्षा हे दहा-बारा दिवस सावलीतले जास्त कामाचे. पण ते विकत मिळत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

भिजलाच तर? शेडमध्ये एकेरी पसरा, मान चोळून कोरडी लागेपर्यंत चाळीत नेऊ नका. लवकर विकता येणारा माल वेगळा करा. दुकानात "चाळीत मारायची पावडर" मिळते. मारू नका. खायच्या वस्तूवर पावडर चोळून ती लोकांच्या घरात पाठवायची नसते, आणि ओली मान पावडरीने सुकत नाही.

"गारांनी पात मोडली, दुकानदाराने युरिया आणि टॉनिक सांगितलं." (शेजारचं चांदवड)

लागवडीला दोन महिने होऊन गेले असतील तर नत्र बंद. दाणेदार नको, फवाऱ्यातूनही नको. युरियाने पात हिरवी होईल, तुम्हाला बरं वाटेल, मान जाड होईल आणि कांदा टिकणार नाही. गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होते आणि दुकानदाराकडे तयार पिशवी असते: एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक, एक विद्राव्य खत, वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य). सगळं एकाच टाकीत. बिल दोन-तीन हजारांचं. मार खाल्लेल्या पानावर असलं कॉकटेल मारलं की गारांनी जे ठेवलं ते फवाऱ्याने जातं.

आधी वाफ्यातलं पाणी बाहेर काढा. पात सुकली की फक्त करप्यासाठी (पात करपवणारी बुरशी) मॅन्कोझेब, १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, सोबत स्टिकर, कारण कांद्याच्या पातीवर थेंब थांबत नाही. काढणी जवळ आली असेल तर तेही नको. २५ म्हणजे २५. "गारपीट मोठी झालीय, ५० घाला" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, पुड्यावर कुठे लिहिलंय? आणि पुढच्या तीन-चार तासांत पाऊस आहे का ते बघून पंप उचला. पावसाआधी मारलेलं औषध ओढ्याला जातं.

"डाळिंबाला गारा लागल्या, अंबिया बहराची फळं लिंबाएवढी आहेत." (सटाणा)

गारेची जखम म्हणजे तेल्याला, डाळिंबावरच्या जिवाणूच्या डागरोगाला, उघडं दार. पहिल्या दिवशी फुटलेली आणि पडलेली फळं गोळा करून बागेबाहेर पुरा, बांधावर फेकू नका. ओल्या बागेत कात्री लावू नका. पानं सुकली की लगेच, शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत, बोर्डो मिश्रण. फळं असताना अर्धा टक्का: ५०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), ५०० ग्रॅम कळीचा चुना, १०० लिटर पाणी. एक टक्क्याचं बाग विश्रांतीत असताना. आत्ता एक टक्का मारलात तर कोवळी फूट करपेल आणि फळावर डाग राहतील. खोडाची साल फाटली असेल तिथे बोर्डो पेस्ट, मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो आणि १० लिटर पाणी.

बोर्डो घरीच करा. प्लास्टिकच्या दोन टिपांत मोरचूद आणि चुना निम्म्या निम्म्या पाण्यात वेगवेगळं विरघळवा, गाळा, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टिपात ओता. लोखंडी भांडं वापरू नका. मग स्वच्छ खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी घालत जा. केलं त्याच दिवशी संपवा, आणि त्यात दुसरं काहीही मिसळू नका. पुन्हा लिहितो, काहीही नाही. चुना जुना आणि फुटून पीठ झालेला असेल तर हे सगळं व्यर्थ आहे, खडा चुना आणा. लोक म्हणतात कटकटीचं काम आहे. आहेच. म्हणून तर दुकानदार तयार बाटली पुढे करतो.

टॉनिक, खतं, संजीवकं यांचा विषय नवी फूट दिसल्यावर, आठ-दहा दिवसांनी.

"काढणीला आलेली द्राक्षं भिजली, मणी तडकतायत." (कळवण)

तडकलेले मणी कात्रीने काढा, घड हलवून पाणी झटका, वेलीचं पाणी थांबवा. काढणीच्या तोंडावर बुरशीनाशक नाही. माल उशिरा जाऊ द्या किंवा बेदाण्याला द्या, पण औषधाचा अंश घेऊन तो ग्राहकाकडे जाता कामा नये.

गव्हाला वारा सुटणार असेल तर पाणी देऊ नका, लोळतो. बाकी प्रश्न नाही.

"गडगडत असताना कागद टाकायला जावं लागतं, काय काळजी घ्यावी?" (मालेगाव)

जाऊ नका. हीच काळजी. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या आवाक्यात आहात. झाडाखाली नको, विहिरीत नको, तारेच्या कुंपणाजवळ नको, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नको, मोटारीच्या स्टार्टरला हात नको. बैलं झाडाला बांधून ठेवू नका. पक्क्या घरात या आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर घ्या, अर्धा-पाऊण तास आधी कळतं. दहा क्विंटल कांदा भिजला तर भिजू द्या.

भरपाईचं थोडक्यात. पंचनामा तलाठी आणि आमचा कृषी खात्याचा माणूस करतो, नुकसान ३३ टक्के किंवा जास्त लागतं, ई-पीक पाहणी (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) नोंदवलेली आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढलेला असू द्या. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे ठरावीक शेतांत कापून मोजलेल्या उत्पन्नावर, आहे, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबू नका. फळपीक विम्यात गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल तर ७२ तासांत कळवा. वीज पडून माणूस गेला तर वारसांना ४ लाख मिळतात. जनावर मेलं तर शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना पिकाचं वय, शेवटचं पाणी कधी दिलं आणि आधी काय काय मारलंय ते लिहा. "कांदा पिवळा पडलाय, काय मारू" एवढ्यावर मी काहीच सांगणार नाही.