पाटीचा भाव इंचावर नको, अक्षरांवर लावा

प्रश्न : मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते, हातात २२,००० रुपये येतात. वडील सुतारकाम करायचे. त्यांच्याच पटाश्या वापरून दोन वर्षांपासून घरी सागवानी नावाच्या पाट्या कोरते. दीड फूट बाय नऊ इंचाची पाटी १,८०० रुपयांना देते, महिन्याला सहा जातात. गंगापूर रोडच्या एका बिल्डरला ६४ फ्लॅटसाठी पाट्या हव्यात. भाव १,१०० रुपये, पैसे काम संपल्यावर तीन महिन्यांनी. एवढं हाताने होणार नाही म्हणून २,४०,००० रुपयांचं सीएनसी राऊटर (संगणकावर चालणारं कोरणीचं यंत्र) घ्यावं का? ४०,००० एफडी मोडून देईन, बाकीचे दोन लाख विक्रेत्याच्याच फायनान्सवर, ११ टक्के फ्लॅट, तीन वर्षांसाठी. पुढे सिंहस्थ आहे, कामं वाढतील असं सगळे म्हणतात.

उत्तर : ताई, १,१०० रुपयांत हे काम घेऊ नका आणि यंत्र तर आत्ता नकोच. बिल्डरला मात्र लगेच नाही म्हणू नका, त्याच्याशी बोलायला जागा आहे. पण त्याआधी तुमच्या १,८०० रुपयांचा हिशेब मांडू, कारण नुकसान तिथूनच सुरू झालंय.

पत्रात तुम्ही लाकूड ३७५ रुपयांचं धरलंय. एक इंच जाडीच्या पाटीला साधारण ०.०९४ घनफूट लाकूड लागतं, तुमच्या वखारीचा भाव ४,००० रुपये घनफूट, तेव्हा गुणाकार बरोबर आहे. पण फळीत गाठ निघते, कड चिरलेली असते, आणि चार पाट्यांच्या लाकडात तीनच होतात हे तुम्हीच लिहिलंय. मग लाकूड ५०० रुपयांना पडलं. पॉलिश, पॉलिश पेपर, पितळी हुक आणि पॅकिंग मिळून १५०, वीज आणि पोचवायचं पेट्रोल ७०. असे ७२० रुपये तुमच्या खिशातून जातात. उरले १,०८०.

आता तास. कोरायला पाच तास लागतात एवढंच तुम्ही मोजलंय. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा नाव बदलतं, तुम्ही कागदावर अक्षरं काढून ती फळीवर उतरवता, पॉलिशचे तीन हात देता, मग पाटी घेऊन पाथर्डी फाट्यापर्यंत जाता. हे तीन तास कोणाच्या खात्यात? आठ तासांना १,०८० म्हणजे तासाला १३५ रुपये. नोकरीत महिन्याचे २०८ तास धरले तर तासाला १०६ पडतात. त्यापेक्षा हे बरं वाटेल; पण तिथे पीएफ आहे, रजा आहे, आणि इथे तुम्ही दिवसभर काम करून रात्री नऊनंतर पुन्हा कामाला बसता, तेही अशा कौशल्यावर जे शिकायला वर्षं गेली.

बिल्डरच्या पाट्यांत नमुना एकच असेल, पोचवणंही एकत्र, म्हणून सहा तास धरू. सामानाचे ६५० वजा जाता ४५० उरतात, म्हणजे तासाला ७५ रुपये. एकूण ३८४ तास. आठवड्याला तुम्हाला २६ तास मिळतात. नेहमीच्या सहा पाट्या सांभाळून महिन्याला ६४ तास उरतील, म्हणजे हे काम सहा महिने चालेल. शिवाय ४१,६०० रुपयांचं सामान तुमच्या पैशांनी आणायचं आणि नंतर तीन महिने वाट बघायची. नोकरीपेक्षा कमी मजुरीवर तुम्ही त्यालाच बिनव्याजी उधारी देणार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटलं : ‘ज्ञानेश्वर’ला लागतो तेवढा वेळ ‘राम’ला लागत नाही. मग दोघांचा भाव एक कसा? उठावाच्या कामात, म्हणजे अक्षर वर ठेवून भोवतीचं लाकूड काढताना, शिरोरेघ लाकडाच्या तंतूंच्या दिशेने जाते, ती टिकते. काना, वेलांटी आणि रफार तंतूंना आडवे पडतात, जरा हात चुकला की टवका उडतो आणि फळी बदलावी लागते. तुमचा वेळ आणि जोखीम दोन्ही अक्षरांत आहेत आणि भाव तुम्ही फळीच्या मापावर लावताय.

म्हणून भाव दोन भागांत मांडा. तुमच्या तासाचे २०० रुपये धरा. सामान आणि पोचवणं ७२०, बिगर-कोरणीचे तीन तास ६००, आणि बिघडलेल्या पाट्यांसाठी वर दहा टक्के. झाले सुमारे १,४५० रुपये, ही पाटीची मूळ किंमत. त्यावर साध्या अक्षराला ९० आणि जोडाक्षराला १४०. ‘गोदाई’ १,७२०ला जाईल, ‘श्रीकृष्णकृपा’ २,०००ला, आणि आडनावासह बारा अक्षरांची नेहमीची पाटी २,५३०ला. गिऱ्हाईकालाही हे पटतं, कारण त्याला अक्षरं मोजता येतात.

गिऱ्हाईक तुटेल ही तुमची भीती मी समजू शकतो. समजा सहापैकी दोघं गेलीच. चार पाट्यांवर खर्च जाऊन ७,२४० रुपये उरतील. आज सहा पाट्यांवर ६,४८० उरतात. दोन पाट्या कमी करूनही ७६० रुपये जास्त, आणि सोळा तास घरच्यांसाठी मोकळे. ओळखीतल्यांना सवलत द्यायची तर मूळ किमतीत द्या, अक्षरांच्या मजुरीत कधीच नको.

यंत्राचं गणित याहून सोपं आहे. फ्लॅट ११ टक्क्यांत व्याज तिन्ही वर्षं पूर्ण दोन लाखांवर लागतं, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. व्याज ६६,०००, हप्ता सुमारे ७,३९०. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. आज महिन्याला उरतात ६,४८०, म्हणजे सगळी कमाई देऊनही हप्ता पुरा होत नाही. चातुर्मासात वास्तुशांतीचे मुहूर्त कमी, पावसाळ्यात लाकूड फुगतं, पॉलिश सुकत नाही. हप्ता मात्र पितृपक्षातही येतो. सिंहस्थाने लॉज आणि होमस्टेवाल्यांची कामं येतीलही, पण २०२७चा मेळा होऊन गेल्यावरही कर्ज चालूच असेल. त्या आशेवर एफडी मोडू नका.

नाशिकमध्ये तुम्हाला एक सोय आहे. सातपूर-अंबडला राऊटरवर जॉबवर्क, म्हणजे मजुरी घेऊन काम, करून देणारे आहेत आणि तुम्हाला पाटीमागे २५० रुपयांचा भाव मिळालाच आहे. बिल्डरच्या पाट्यांची अक्षरं तिथे कापून घ्या, कडा आणि पॉलिश हाताने करा. घाऊक सामान ६००, जॉबवर्क २५०, तुमचे दोन तास ४००, वर दहा टक्के. १,४०० रुपये सांगा. निम्मे म्हणजे ४४,८०० आगाऊ आणि सोळा-सोळाच्या चार खेपा, प्रत्येक खेपेला ११,२००. असं केलं तर तो मध्येच थांबला तरी तुमचे पैसे अडकणार नाहीत. आणि या पाट्या हातकोरीव म्हणून देऊ नका, बिलावर तसं स्पष्ट लिहा. तुमच्या हाताच्या कामाचा भाव टिकायला तेवढी काळजी लागेल.

बिल्डरशी बोलण्याआधी उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या. आधार आणि पॅनवर होते, फी नाही. नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर त्याला चक्रवाढ व्याज लागतं आणि तो खर्च पैसे दिल्याशिवाय आयकरात वजा मिळत नाही. ‘तीन महिन्यांनी’ला तुमचं हेच उत्तर.

जीएसटीची सध्या चिंता नको. राज्यातल्या राज्यात मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. त्याने जीएसटी बिल मागितलं म्हणून ती घेऊ नका, आणि नोंदणी नसताना बिलात कर लावूही नका. आयकर विवरणपत्र मात्र पाटीच्या उत्पन्नासह भरा. पुढे कर्ज लागलं तर बँक तेच मागेल.

हत्यारांसाठी पैसे हवेत तर पीएम विश्वकर्मा योजना पाहा. २०२३मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्क्यांनी, अठरा महिन्यांसाठी. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही. योजना हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा वडिलांच्या पटाश्या चालवणाऱ्या तुम्ही अर्ज करून बघाच. जवळच्या सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात नोंदणी होते.

ज्यांना १,८०० सांगून झालेत त्यांच्या पाट्या त्याच भावात द्या. नवा भाव पुढच्या गिऱ्हाईकापासून लावा, आणि पुढच्या दहा पाट्यांना लागलेले तास, अक्षरांच्या संख्येसकट, वहीत लिहून मला पाठवा. ९० आणि १४० हे आकडे मी तुमच्या पत्रातल्या अंदाजावरून काढलेत, वहीवरून ते दुरुस्त करून देईन.