वर्सोव्याला मासेमारीच्या होडीवर ४० एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे. फ्युएल फिल्टर कोणता घ्यावा?

१० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे गाळणीच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकी गाळणी बारीक), पाणी वेगळं करणारा फिल्टर घ्या आणि टाकी व इंजिनाच्या मधल्या पाइपवर, हात पोचेल असा बसवा. खाली पारदर्शक वाटी असेल तर साचलेलं पाणी लगेच दिसतं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी उभी राहिली की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसू शकतो. इंजिनावरच्या छोट्या फिल्टरला तेवढं पाणी झेपत नाही. २ मायक्रॉनचा मात्र नको, तो इंधन अडवतो आणि भर समुद्रात मोटर बंद पडू शकते. थर बसलाच असेल तर कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. टाकी पूर्ण रिकामी करूनच नवं पेट्रोल भरा.