आजारपणातून उठताना प्रत्येक जण वेगळा आहार सांगतोय, नेमकं कुणाचं ऐकायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: आजारपणात वजन उतरलंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सीमारेषेवर आहे. डॉक्टर म्हणतात नीट खा, वजन वाढवा. आहारतज्ज्ञ म्हणतात धान्य निम्म्यावर आणा. व्हिडिओवाले 16 तासांचा उपवास सांगतात, आणि घरच्यांनी दूध, गहू, फळं अशी एकेक गोष्ट बंद करायला लावली आहे.

हे सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीयेत, म्हणून त्यांचा मेळ बसत नाही. डॉक्टर वजनाकडे बघताहेत, आहारतज्ज्ञ साखरेच्या आकड्याकडे, आणि व्हिडिओ बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वजन जास्त असलेला, बाकी धडधाकट माणूस आहे. तेव्हा आत्ता कोणती गरज पहिली, हे आधी ठरवा. मनात नसताना वजन उतरलेल्या माणसासाठी ती घसरण थांबवणं हे पहिलं काम. आजारपणात चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि अर्धपोटी राहून ते परत येत नाहीत. उपवास एखाद्याला मानवत असेलही, तुमच्या आजच्या अवस्थेत तो नको.

प्रथिनांचं गणित वजनावर करा. निरोगी प्रौढ माणसाला दर किलोमागे रोज 0.8 ग्रॅम हा किमान हिशेब. आजारातून उठताना, विशेषतः वय जास्त असेल तर, 1.2 ते 1.5 ग्रॅम सांगतात. म्हणजे 50 किलो वजनाला 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, 100 ग्रॅम शिजलेल्या मसुरात 9, पाव लिटर दुधात 8 ग्रॅम मिळतात. हे एकाच जेवणात कोंबू नका. तीन-चार वेळांत विभागलं तर पोट गच्च होत नाही आणि स्नायूंनाही जास्त उपयोग होतो. मात्र त्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा, रिपोर्ट बघा. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल आणि डायलिसिस चालू नसेल, तर मर्यादा बहुधा 0.8 च्या आसपासच ठेवतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

एक सावधगिरी, कारण ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर एकदम भरपेट खायला सुरुवात करू नका. उपाशी शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी गरजेच्या निम्म्यावरून किंवा त्याहून कमीवरून, रक्ततपासणी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आहार वाढवतात.

आता सीमारेषेवरच्या एचबीएवनसीबद्दल, कारण तुमच्या घोळाचं मूळ मला तिथे दिसतं. ही तपासणी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण लोह कमी असेल तर प्रत्यक्षात साखर तेवढी नसतानाही हा आकडा वर दिसू शकतो. उलट नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा लाल पेशी लवकर फुटत असतील तर तो खोटा कमी येतो. शिवाय जोरदार संसर्गात आणि स्टेरॉइड चालू असताना साखर खरोखरच वाढते, आणि आजार गेला की बऱ्याचदा उतरते. तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे. तेव्हा फक्त एचबीएवनसीवर विसंबून धान्य निम्मं करण्याआधी उपाशीपोटीची साखर तपासा. गरज वाटली तर डॉक्टर ग्लुकोज पाजून दोन तासांनीही तपासतील. आहारतज्ज्ञांचा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा आधी पक्का करून घ्या.

हिमोग्लोबिनचंही तसंच. ते कमी म्हणजे लोहच कमी, असं गृहीत धरू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी12 जीवनसत्त्व दोन्ही बघायला सांगा. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन वाढतं, त्यामुळे लोह कमी असूनही रिपोर्ट ठीक दिसतो. म्हणून सोबत सीआरपी (सूज आहे का ते दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय ते दाखवणारी) असलेली बरी. बी12 न तपासता नुसतं फॉलिक अॅसिड घेत राहणं धोक्याचं आहे. रक्त सुधारल्यासारखं वाटतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर शोषण कमी होतं, क जीवनसत्त्व असलेल्या पदार्थाबरोबर वाढतं. रिकाम्या पोटी मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घ्या किंवा दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मळमळते म्हणून गोळी सोडून देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हिमोग्लोबिन महिनाभरात एक-दोन ग्रॅमने वाढायला हवं. वाढलंच नाही तर गोळी नीट घेतली जातेय का, आतड्यातून शोषली जातेय का, कुठून रक्त जातंय का, हे शोधावं लागतं. आकडा नीट झाल्यावरही साठा भरून निघावा म्हणून गोळी साधारण तीन महिने चालू ठेवतात.

घरच्यांनी गहू बंद करायला लावला आहे, तिथे जरा थांबा. सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका असेल तर रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच बंद केलात तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि मग तपासणीसाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागतो. अन्नाची अॅलर्जी शोधायची म्हणून शे-दीडशे पदार्थांची आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) तपासणी विकली जाते, तिच्यावर पैसे घालवू नका. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच त्यातून बहुतेक वेळा कळतं. ती यादी बघून लोक निम्मं जेवण बंद करतात आणि अशक्तपणा वाढतो.

औषधं चालू असतील तर कुठलाही आहार त्यांच्या यादीसमोर ठेवून बघा. इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना धान्य अचानक कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घेरी ही त्याची लक्षणं. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणारी मधुमेहाची गोळी असेल तर उपवास किंवा अगदी कमी कर्बोदकं यांनी कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचण्याचा धोकादायक प्रकार) होऊ शकतो, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने तो लक्षातच येत नाही. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करायच्या नसतात, त्यांचं प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात. त्यात ‘कमी सोडियमचं मीठ’ घेतलं, ज्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं, तर ते आणखी वाढतं. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. मेटफॉर्मिन बराच काळ चालू असेल तर बी12 तपासायलाच हवं.

आणि कमी कर्बोदकं की कमी चरबी, या वादात तुम्ही पडू नका. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी 609 जणांवर वर्षभर हाच प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना भाज्या भरपूर आणि साखर-मैदा कमी असं सांगितलं होतं. वर्षाअखेरीला दोन्ही गटांच्या उतरलेल्या वजनाच्या सरासरीत सांगण्याजोगा फरक नव्हता, पण प्रत्येक गटात कुणाचं वजन खूप उतरलं तर कुणाचं चक्क वाढलं. म्हणजे ‘मला याने फरक पडला’ असं सांगणारे दोन्ही बाजूंना खरे निघतात, आणि त्यांच्या अनुभवावरून तुमचं काय होईल हे मात्र सांगता येत नाही.

म्हणून बदल एका वेळी एकच करा. चार गोष्टी एकदम बदलल्या की एक ना धड भाराभर चिंध्या: बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही, बिघडलं तरी कळत नाही. वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख, काय बदललं, भूक आणि झोप कशी होती, पोट कसं होतं, आठवड्यातून दोनदा सकाळचं वजन. वजन रोज पाण्याने एखादा किलो इकडेतिकडे होतं. धान्य कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात उतरतं ते बरंचसं ग्लायकोजेनबरोबरचं (शरीरात साठवलेल्या साखरेबरोबरचं) पाणीच असतं, त्यावर निष्कर्ष काढू नका. पोटाच्या तक्रारींना दोन-चार आठवडे द्या, कोलेस्टेरॉलला सहा आठवडे, एचबीएवनसीला तीन महिने. दूध किंवा फळं बंद केलीच असतील तर एकेक पदार्थ परत आणा: पहिल्या दिवशी थोडा, मग दुप्पट, मग नेहमीएवढा. तीन दिवसांत त्रास झाला नाही तर तो पदार्थ तुम्हाला चालतो.

गिळताना अडकणं, काळी शौच (लोहाच्या गोळीनेही होते, तरी सांगा), रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, परत येणारा ताप, किंवा नीट खाऊनही उतरत राहणारं वजन, यातलं काही असेल तर आहाराचे प्रयोग थांबवा आणि दवाखाना गाठा.

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ एकमेकांशी बोललेले नसतात, ही अगदी नेहमीची गोष्ट. एका पानावर सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन, चालू औषधं आणि रिपोर्टचे आकडे लिहा, आणि तेच पान दोघांना दाखवा. धान्य कमी करायला सांगणाऱ्याला विचारा की त्या उष्मांकांची भरपाई कशाने करायची. चांगला आहारतज्ज्ञ लगेच तेल, दाणे, दही, अंडी यांचं माप सांगेल. तोवर धान्य आहे तेवढंच ठेवा, फक्त ते एकटं खाऊ नका. प्रत्येक वेळी सोबत डाळ, अंडं किंवा दही आणि भाजी असू द्या, म्हणजे साखर सावकाश चढते. गोड पेयं मात्र आजपासून बंद केली तरी चालतील. लोहाचा साठा भरला की त्यानंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. मधल्या काळात उपाशीपोटीची साखर ठीक येत असेल, तर धान्याचा निर्णय तेव्हा घ्या.