चोकची वायर का तापली?

गॅरेजच्या पायरीवरून : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न : काका, आमच्याकडे वडिलांची १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. जुनं इंजिन तेल प्यायला लागलं, मागून निळा धूर यायचा. बोअरिंगच्या (सिलिंडर आतून कापून नीट करण्याच्या) खर्चात दुसरं इंजिनच मिळेल असं मिस्त्री म्हणाले, म्हणून भंगारात निघालेल्या दुसऱ्या ८०० चं इंजिन आणलं. ते त्या गाडीत चालू असताना बाबांनी स्वतः ऐकलं होतं. बसवून आज ११ दिवस झाले, गाडी सुरू होत नाही. बॅटरी नवी घातली. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) दुसऱ्या गाडीचा लावून पाहिला. चावी फिरवली की सेल्फ अर्धा फेरा कण्हतो आणि थांबतो, कधी नुसताच ‘टक्’ आवाज. हॉर्न मात्र खणखणीत वाजतो. एकदा उतारावर ढकलली तेव्हा चार-पाच वेळा फटफटली आणि बंद पडली. मिस्त्री म्हणतात इंजिन जाम आहे, खोलावं लागेल. मी सगळं वहीत लिहून ठेवते, त्यात आणखी एक नोंद आहे : परवा तिसऱ्यांदा सेल्फ मारला तेव्हा जळका वास आला आणि चोकच्या (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणाऱ्या) बटणाला हात लावला तर चटका बसला. याचा काही संबंध असेल का? आणि इंजिन नंबर बदलला, त्याचं काय करायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, संबंध कसला, सगळं दुखणं त्या चटक्यातच आहे. तुम्ही वही ठेवता हे फार बरं करता. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगतं, जसं डॉक्टरांना सांगावं की बरं वाटत नाही.

आधी एक करा. सेल्फ मारणं आत्ता बंद. तापलेली वायर पेट्रोलच्या पाइपाशेजारून जाते.

आता इंजिन जाम आहे का ते बघू. गिअरमध्ये टाकून ढकलल्यावर ते फिरलं आणि फटफटलं, असं तुम्हीच लिहिलंय. जाम असतं तर पुढची चाकं रस्त्यावर घासत गेली असती. म्हणजे इंजिन फिरतंय, ठिणगी पडतेय, थोडंफार पेट्रोलही येतंय. खोलायचं काही कारण नाही.

मग सेल्फ का कण्हतो? सेल्फ शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो. बॅटरीच्या प्लसवरून जाड केबलने करंट सेल्फला येतो, तिथून इंजिनाच्या लोखंडात उतरतो आणि त्याला परत बॅटरीच्या मायनसला जायचं असतं. पण इंजिन बसलेलं असतं फाउंडेशनच्या रबरावर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून मायनसवरून एक जाड ‘अर्थ’ची, म्हणजे करंट परत नेणारी, केबल गिअरबॉक्सला आवळलेली असते. इंजिन उतरवताना ती सोडावीच लागते, आणि परत लावायची राहते तीही हीच. ती नसली की करंट दुसरी लोखंडी वाट शोधतो. बॉडीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या अशा वाटा कोणत्या? चोकची वायर, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. बोटाएवढ्या केबलचं काम चोकच्या तारेवर आलं की ती लाल होणारच. दिवे, हॉर्न यांचा अर्थ बॉडीवर असतो, म्हणून ते चालतात आणि संशय बॅटरीवर, मग सेल्फवर जातो. तुमचे दोन्ही पैसे तिथंच गेले.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात नवं गॅरेज टाकलं तेव्हा एका ऑम्नीचं इंजिन बदललं, घमेल्यात दोन बोल्ट आणि एक पट्टी उरली. ‘कंपनी जास्तीचंच देते’ असं म्हणून मी हसलो. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या चोकच्या वायरीचं प्लास्टिक वितळून खाली ठिबकत होतं. तेव्हा तुमच्या मिस्त्रींवर रागावू नका, फक्त त्यांच्या घमेल्यात काय उरलंय ते विचारा.

केबल जागेवर दिसली तरी सोडून बघा. भंगारातलं इंजिन देखणं दिसावं म्हणून विकणारे त्याला चंदेरी रंग मारतात, गिअरबॉक्सलाही. रंगावर आवळलेली केबल म्हणजे न लावलेलीच. बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायची, केबलचं टोकही, मग पान्याने घट्ट.

खात्री करायची असेल तर शेजाऱ्याकडून जंपर केबल आणा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या घासलेल्या बोल्टला धरून एकदाच, दोन सेकंद सेल्फ मारा. इंजिन गरागरा फिरलं तर निदान झालं. मल्टिमीटर असेल तर त्याहून बरं : एक पिन मायनसच्या शिशाच्या टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. काटा ०.२ व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थ ठीक. ०.५ च्या वर गेला की दोष. तुमच्याकडे दोन-तीन व्होल्ट निघाले तरी मला नवल वाटणार नाही.

अर्थ दुरुस्त झाल्यावर चोकची आणि ॲक्सिलरेटरची वायर न कुरकुरता बदला. आतलं अस्तर वितळलेलं असतं. चोक अडकला तर पेट्रोल जास्त जाईल एवढंच, पण ॲक्सिलरेटर दाबलेला अडकला तर कराडच्या चौकात काय होईल ते सांगायला नको.

इतकं करूनही गाडी नुसती फिरत राहिली, घेतली नाही, तर मग डिस्ट्रीब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डब्याकडे वळा. ८०० ला तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडायचा क्रम, १-३-२. बरेच हात सवयीने १-२-३ लावून मोकळे होतात. एक नंबर म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूचा. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, इंजिन हाताने पान्याने फिरवा. अंगठा उडवणारा दाब आला की पिस्टन वर येतोय. पिस्टन अगदी वर आला की रोटरचं (डिस्ट्रीब्युटरमधल्या फिरत्या काट्याचं) तोंड एक नंबरच्या वायरीकडे हवं. डिस्ट्रीब्युटर इंजिनाच्या एका पूर्ण चक्राने, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या फेऱ्याने, चुकून बसला असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत वायरी अदलाबदल करून निभावतं. इथं निभत नाही. तीनच टोकं, त्यामुळे रोटर बरोबर दोन आणि तीनच्या मधोमध बघत उभा राहतो. डिस्ट्रीब्युटर काढूनच परत बसवावा लागतो.

पेट्रोलचं थोडक्यात. तुमच्या गाडीचा पंप इंजिनावरच आहे आणि तो त्या भंगारातल्या गाडीचा आहे. किती महिने कोरडा पडला होता कोण जाणे. ठिणगीची वायर काढून, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारा. पेट्रोल पिचकारीसारखं थांबून थांबून यायला हवं. नुसतं ओघळत असेल तर पंपाचा डायाफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, गेला. आणि एवढ्या दिवसांच्या खटपटीत प्लग ओले झाले असणार, ते काढून वाळवा.

आता इंजिन नंबर. याला उशीर करू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. तुमचे ११ गेले. त्या इंजिनाची विक्री पावती आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत विकणाऱ्याकडून आजच मागा. गाडी पळवून इंजिन विकणारेही बाजारात असतात, आणि तो नंबर कुठल्या तक्रारीत निघाला तर निस्तरणं तुमच्या बाबांच्या वाट्याला येईल. विमा कंपनीलाही कळवा. १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, तेव्हा इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन नंबर वाचतोच.

प्रश्न : माझ्या महिंद्रा कमांडर डिझेल जीपला दुसरं इंजिन बसवलं. सेल्फ जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धुराचा टिपूसही नाही. काय करू?
— एक शेतकरी, जत

उत्तर : दादा, धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर असता तर म्हटलं असतं हीटर प्लग (सिलिंडर आधी गरम करणारे) बघा. चावी चालू करा आणि पंपावरच्या कट-ऑफला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) कान लावा, ‘टिक्’ वाजायला हवं. वाजलं नाही तर तिथली वायर लावायची राहिलीय. वाजत असेल तर लाइनीत हवा आहे. टाकीकडून येणारा पाइप आणि टाकीकडे परत जाणारा पाइप उलटे तर लावले नाहीत ना, हेही बघून घ्या, माझ्याकडून दोनदा झालंय. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड पंप मारत राहा. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळा. मग नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांकडे) जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडालं की एकेक आवळत चला. त्या वेळी तिथं बोट लावून बघू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि मग गाठ गॅरेजशी नाही, ऑपरेशन थिएटरशी पडते.